उस्मानियाची माणसं

हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात गेलेला माणूस आधी आर्ट्स कॉलेजची इमारत बघतो. बघावीच अशी ती आहे. गुलाबी छटेचा दगड, उंच कमान, आत घुमणारा आवाज. १९३९ साली तिचं उद्घाटन झालं. बेल्जियमचे वास्तुविशारद एर्नेस्ट जॅस्पर यांनी तिची आखणी केली. पण ही इमारत उभी राहण्याआधी वीस वर्षं हे विद्यापीठ चालू होतं. १९१९ च्या ऑगस्टमध्ये बशीरबागेजवळच्या एका भाड्याच्या हवेलीत त्याचे वर्ग सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी होते सव्वादोनशे आणि शिक्षक पंचवीस. मला आज बोलायचं आहे ते या दगडाविषयी नाही, त्या सव्वादोनशेंविषयी आणि त्यांच्या मागून आलेल्यांविषयी. त्यांत शास्त्रज्ञ आहेत, कवी आहेत, मंत्री आहेत, विद्यापीठानं हाकलून दिलेले आहेत आणि नापास झालेलेही आहेत. माझ्या मते नापास झालेल्यांतला एक जण तर मराठीपुरता सगळ्यांत मोठा ठरला. त्याच्याकडे येईनच.

आधी विद्यापीठ कशासाठी निघालं ते पाहू. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ सालची. तिथे सगळं शिक्षण इंग्रजीतून. मुलाची निम्मी ताकद भाषा शिकण्यात जाई आणि उरलेल्या निम्म्यात तो विषय शिके. हैदराबाद संस्थानात अकबर हैदरी नावाचे एक अधिकारी होते. मूळचे मुंबईचे, सेंट झेविअर्स कॉलेजात शिकलेले. त्यांनी १९१७ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यापुढे एक निवेदन ठेवलं. विद्यापीठ काढायचं तर ते उर्दूतून शिकवणारं काढावं, इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवावा पण माध्यम इंग्रजी नको, असं त्याचं सार. निजामांनी ते मान्य केलं. रवींद्रनाथ टागोरांनी या बातमीचं स्वागत केलं होतं, कारण परक्या भाषेच्या ओझ्याखाली शिकणाऱ्या मुलांचं दुःख त्यांना ठाऊक होतं.

इथे मराठी माणसानं एक गोष्ट विसरू नये. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा पहिला मान उस्मानियाला देतात. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१६ साली, पुण्यात अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं होतं आणि ते मातृभाषेतून शिकवत होतं. त्याच्यामागे ना राजा होता ना खजिना. सरकारमान्यतेसाठी त्याला स्वातंत्र्य येईपर्यंत थांबावं लागलं. तरी उस्मानियाचं वेगळेपण उरतंच. कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, पदार्थविज्ञान हे सगळं एका देशी भाषेत शिकवायचं, तेही पदव्युत्तर पातळीपर्यंत, असा धाडसी प्रयोग तोवर हिंदुस्थानात कुणी केला नव्हता.

शिकवायचं म्हटलं तर पुस्तकं हवीत. म्हणून विद्यापीठाच्या आधीच, १९१७ साली, 'दार-उल-तर्जुमा' स्थापन झालं. सोप्या मराठीत सांगायचं तर भाषांतराचं घर. तिथे पगारी भाषांतरकार बसत. गणित, रसायन, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास यांतली पुस्तकं उर्दूत आणली जात. एखाद्या शब्दावर दोन दोन दिवस खल चाले. भाषांतरकार आणि विषयाचे जाणकार एकत्र बसत आणि शब्द मंजूर करत. जोश मलिहाबादी यांच्यासारखा तालेवार शायर दहाएक वर्षं याच खात्यात नोकरीला होता. कवीला सरकारी खात्यात शब्द तोलायला बसवलेलं पाहून मला मौज वाटते. आम्हा कवींना एरवी कुणी शब्दांचे पैसे देत नाही.

खल मुख्यतः एकाच गोष्टीवर होई. नवा शब्द घडवायचा तो अरबीतून की बोलीतून? एका पक्षाचं म्हणणं, शास्त्राचा शब्द अरबीच हवा, तोच भारदस्त. दुसऱ्या पक्षाचे पुढारी वहीदुद्दीन सलीम. ते उस्मानियात उर्दूचे प्राध्यापक होते आणि शब्द कसे घडवावेत यावर त्यांनी १९२१ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते म्हणत, उर्दूची हाडं हिंदुस्थानी आहेत. अरबी-फारसी नामाला आपल्या मातीचे प्रत्यय लावा, बिनधास्त क्रियापदं करा. 'बर्क' म्हणजे वीज, त्याचं 'बरकाना' करा. ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण मराठीत आपण 'फिल्मी'पासून 'बिनडोक'पर्यंत हेच करत आलो आहोत. पुढे महाराष्ट्रात पदनाम कोश निघाला, तेव्हा अरबीच्या जागी संस्कृत आली एवढंच. भांडण तेच होतं. सलीम यांचं पुस्तक आपल्या पारिभाषिक शब्दवाल्यांनी वाचलं असतं, तर लोकांनी आपल्या सरकारी मराठीची एवढी टिंगल केली नसती असं मला वाटतं.

याच सुमारास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर मराठीत ज्ञानकोश करत होते. त्यांनी नागपुरात कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि तेवीस खंड पुरे केले. तिकडे जगातल्या सर्वांत श्रीमंत संस्थानिकाचा खजिना होता, इकडे एक हट्टी विद्वान आणि त्याची वर्गणीची पावती. योगायोग असा की १९३१ साली मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरलं आणि त्याचे अध्यक्ष केतकरच होते.

भाषांतराच्या या घराचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. उर्दूवाले त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात. त्यांची कर्मभूमी मात्र बरीच वर्षं आपलं मराठवाड्यातलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, ही होती. ते तिथे शाळा तपासनीस म्हणून आले. १९१२ साली 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि तिचं बिऱ्हाड त्यांनी औरंगाबादेत आणलं. पुढे तिथल्या उस्मानियाच्या इंटरमीजिएट कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९२१ साली 'उर्दू' हे त्रैमासिक इथूनच निघालं. देशभरच्या उर्दू विद्वानांचा पत्ता त्या काळी औरंगाबाद होता, हे आज तिथल्याही फार थोड्यांना ठाऊक आहे.

अब्दुल हकांनी आपल्या ओळखीच्या माणसांची शब्दचित्रं लिहिली. त्यांतली बहुतेक नामवंतांची आहेत. एक मात्र बीबी का मकबऱ्याच्या बागेतल्या माळ्याचं आहे. नाव नामदेव. जातीनं त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. त्याला मूलबाळ नव्हतं. झाडांनाच तो पोरांसारखं वाढवायचा, वाकून त्यांच्याशी बोलायचा, कीड लागली तर कासावीस व्हायचा. दुष्काळात लांबून पाणी वाहून आणून त्यानं रोपं जगवली. शेवटी बागेत काम करत असताना मधमाश्यांचा थवा अंगावर आला आणि त्यात तो गेला. अब्दुल हकांनी हे कोणताही मोठेपणाचा आव न आणता लिहिलं आहे. आज भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या उर्दू शाळांत मुलं हा धडा शिकतात. मराठवाड्यातला एक दलित माळी उर्दूच्या पाठ्यपुस्तकात असा अमर झाला आणि मराठीला त्याची खबरही नाही.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. रझीउद्दीन सिद्दीकी हे अगदी सुरुवातीच्या पदवीधरांपैकी. उर्दूतून गणित शिकलेला हा मुलगा केंब्रिजला गेला, तिथून जर्मनीत लाइपझिगला. तिथे त्याचे मार्गदर्शक होते वेर्नर हायझेनबर्ग, पुंजयामिकीचा पाया घालणारे. उर्दूतून शिकलेल्याला जगात कोण विचारतो, अशी शंका काढणाऱ्यांना हे एक नाव पुरे होतं. परत येऊन ते उस्मानियात शिकवू लागले. सापेक्षतेच्या सिद्धान्तावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. बाहेर जाऊन नाव काढणारे पुष्कळ असतात. बाहेरून आणलेलं घरच्या भाषेत ओतणारे थोडे.

निजामिया वेधशाळा १९१९ साली विद्यापीठाकडे आली. आकाशाची छायाचित्रं घेऊन ताऱ्यांची जागतिक यादी करण्याचं एक मोठं आंतरराष्ट्रीय काम तेव्हा चालू होतं. जगातल्या वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. हैदराबादच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांतल्या साडेसात लाखांच्या आसपास ताऱ्यांच्या जागा इथल्या लोकांनी मोजून दिल्या. वर्षानुवर्षं डोळे फोडणारं काम. त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. याच वेधशाळेतल्या एका कर्मचाऱ्याचा मुलगा वेणू बप्पू. तो पुढे भारतीय खगोलशास्त्राचा मोठा आधार झाला आणि १९४९ साली एका धूमकेतूला त्याचं नाव लागलं. तो निजाम कॉलेजात शिकला. हे कॉलेज मात्र १९४७ पर्यंत मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं, म्हणून उस्मानियानं त्याच्यावर पुरा हक्क सांगू नये.

इतिहासाचे प्राध्यापक हारून खान शेरवानी यांनी बहामनी आणि कुतुबशाही राजवटींचा इतिहास लिहिला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मराठी विद्वान पु. म. जोशी यांच्याबरोबर मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे दोन खंड संपादित केले. १९७३-७४ साली ते निघाले. आजही त्या काळावर लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाहीत.

माझ्या जिव्हाळ्याचं नाव आहे मोहिउद्दीन कादरी झोर. उस्मानियाचे विद्यार्थी, मग लंडनला जाऊन ध्वनिशास्त्र शिकले आणि परत उस्मानियातच शिक्षक. दिल्ली-लखनौची उर्दू तेव्हा सगळ्यांना प्रमाण वाटे. दखनीला गावंढळ म्हणत. झोरांनी तिच्या जुन्या पोथ्या धुंडाळल्या. गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशहा स्वतः कवी होता. त्याची सगळी कविता त्यांनी १९४० साली छापून काढली. दिल्लीत उर्दू शायरी बाळसं धरायच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी इकडे दख्खनमध्ये पावसावर, सणांवर, भाज्यांवर कविता होत होती हे त्यातून जगाला दिसलं.

आमच्या घरात दखनीच बोलतात. शाळा मराठी, घर दखनी, नमाज अरबीत. लहानपणी पाहुणे आले की 'नक्को' म्हटल्याबद्दल टपली बसायची; म्हणे नीट उर्दू बोल, 'नहीं चाहिए' म्हण. झोरांच्या पिढीनं केलेलं काम वाचल्यावर कळलं की हा 'नक्को' चारशे वर्षं जुना आहे आणि तो मराठीच्या 'नको'कडून आलेला आहे. 'मैंच', 'उधरीच' यांतला तो 'च' तर थेट आपलाच. म्हणजे दखनी बोलणारा माणूस तोंड उघडल्यावर निम्मा मराठी होतो, त्याला माहीत असो वा नसो. टपली मारणाऱ्या थोरल्यांना हे सांगायची संधी मात्र गेली.

मखदूम मोहिउद्दीन यांचं नाव यात यायलाच हवं. मेदक जिल्ह्यातल्या खेड्यातला अनाथ मुलगा, बी.ए. आणि एम.ए. दोन्ही उस्मानियाचं. सिटी कॉलेजात काही काळ शिकवलं, मग नोकरी सोडून कामगार संघटनेत आणि कम्युनिस्ट चळवळीत गेले. तेलंगणच्या सशस्त्र लढ्यात ते निजामाच्या राजवटीविरुद्ध उभे राहिले. निजामाच्या विद्यापीठानं निजामाच्या भाषेत घडवलेला सर्वांत मोठा कवी निजामशाही उलथवायला निघाला. राज्यकर्ते विद्यापीठ काढतात तेव्हा त्यांना हा धोका कळत नसावा.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, सगळंच छान होतं. तसं नव्हतं. मातृभाषेतून शिकवा म्हणून हे विद्यापीठ निघालं, पण मातृभाषा कुणाची? संस्थानात निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू बोलत, पाव हिस्सा मराठी, काही कन्नड. उर्दू घरात बोलणारे शंभरात दहा-बारा. तेलुगू, मराठी आणि कन्नड हे विषय म्हणून शिकता येत, पण त्या भाषांतून इतिहास किंवा रसायन शिकता येत नसे. परभणीच्या किंवा नळगोंड्याच्या शेतकऱ्याच्या मुलाला इंग्रजीइतकीच उर्दूही चढ होती. प्राथमिक शाळा त्याच्या भाषेत, पुढचं सगळं उर्दूत. साक्षरता शंभरात दहाच्या खाली असलेल्या मुलखात ही चढण किती जण चढणार? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय अशा खासगी शाळा निघाल्या त्या यातूनच, आणि स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते.

अकबर हैदरींचा तर्क बिनतोड होता. तो एक पाऊल पुढे नेला असता तर त्यांना मराठी, तेलुगू आणि कन्नडलाही वर्ग द्यावे लागले असते. ते पाऊल दरबारानं टाकलं नाही. उर्दू ही लोकांची भाषा म्हणून आणली असं म्हणायचं आणि ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून वागवायची, हा दुटप्पीपणा होता. यात उर्दूचंही नुकसान झालं. ती कुणा धर्माची वा सिंहासनाची भाषा नव्हती. तिला तसं करून ठेवलं गेलं. पुढे ते सिंहासन गेलं तेव्हा लोकांनी त्याचा राग तिच्यावर काढला.

मराठी विभागात त्याही काळी माणसं जीव ओतून काम करत होती. चिं. नी. जोशी, ना. गो. नांदापूरकर ही नावं मराठवाड्यातल्या जुन्या वाचकांना आठवतील. नांदापूरकरांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास केला. उर्दू विद्यापीठात बसून मायमराठीवर कविता लिहिणारा हा माणूस. भोवती दुसऱ्या भाषेचा दरबार असला की आपल्या भाषेचं प्रेम जास्त धारदार होतं.

१९३८ च्या अखेरीस ठिणगी पडली. त्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्माआधीच बंदी आली होती, सत्याग्रह चालू होता. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटलं. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलं ऐकेनात. शेकडो विद्यार्थ्यांना कॉलेजातून आणि वसतिगृहांतून काढून टाकण्यात आलं. ऐन परीक्षेच्या वर्षात रस्त्यावर आलेल्या या मुलांना आसपासची विद्यापीठं दार उघडायला तयार नव्हती. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तुकाराम जयराम केदार यांनी ते उघडलं. मुलं गाडीत बसून नागपूरला गेली.

या गाण्याविषयी मुसलमान घरांत मतभेद होते आणि आहेत, मला ते चांगले ठाऊक आहेत. गाण्याची सक्ती चूक, तशीच गाण्याबद्दल शिक्षाही चूक. वसतिगृहातल्या त्या प्रार्थनेत कुणी कुणावर सक्ती केलेली नव्हती. ज्या विद्यापीठानं आपल्या भाषेचा अभिमान बाळगायला शिकवलं, त्यानंच मुलांनी स्वतःचा अभिमान उच्चारल्यावर त्यांना बाहेर काढलं. हा निर्णय उस्मानियाच्या इतिहासातला सर्वांत खुजा निर्णय होता, असं मी मानतो.

हाकललेल्यांत वरंगळच्या कॉलेजातला एक सतरा वर्षांचा मुलगा होता. पी. व्ही. नरसिंह राव. तो नागपूरला गेला, मग पुण्याला फर्ग्युसनमध्ये, कायद्यासाठी पुन्हा नागपूरला. या प्रवासात त्याची मराठी पक्की झाली. इतकी की पुढे त्यानं हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तेलुगूत नेली. यमूची कहाणी तेलुगू बायकांपर्यंत पोहोचली ती एका बडतर्फ विद्यार्थ्यामुळे. १९९१ साली ते देशाचे पंतप्रधान झाले. आता उस्मानिया त्यांचं नाव अभिमानानं सांगतं. पुष्कळ संस्थांचं असंच असतं. आधी हाकलायचं, मग तसबीर लावायची.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं. विद्यापीठाचं माध्यम उर्दूवरून इंग्रजीवर गेलं. निजामाच्या जुलमाला, रझाकारांच्या अत्याचारांना तोंड दिलेल्या लोकांना उर्दू नकोशी झाली असेल, ते समजण्यासारखं आहे. पण उर्दू काढून तिथे मराठी, तेलुगू किंवा कन्नड बसली नाही. आली ती इंग्रजी. तीस वर्षं घडवलेले शब्द, छापलेली पुस्तकं, शिकवायची बसलेली घडी हे सारं एका फटक्यात बाद झालं. देशी भाषेतून वैद्यक शिकवता येतं की नाही, या प्रश्नाचं आयतं उत्तर हाताशी होतं. ते तपासून पाहावं असं कुणाला वाटलं नाही. पुढे महाराष्ट्रानं नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ काढून मराठीत पाठ्यपुस्तकं करायला घेतली, ती पहिल्या पायरीपासून.

माणसंही विखुरली. रझीउद्दीन सिद्दीकी पाकिस्तानात गेले आणि तिथे विद्यापीठं उभारत राहिले. मुहंमद हमीदुल्लाह यांची कथा निराळी. उस्मानियाचे पदवीधर, मग तिथेच आंतरराष्ट्रीय कायद्याचे शिक्षक. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात ते होते. संस्थान संपलं आणि ते पॅरिसमध्येच राहिले, कित्येक दशकं कोणत्याही देशाचं नागरिकत्व न घेता. तिथे त्यांनी कुराणाचं फ्रेंच भाषांतर केलं, ते १९५९ साली निघालं. २००२ साली अमेरिकेत वारले. त्यांची राजकीय बाजू मला पटत नाही. पण बुडालेल्या राज्याचा पासपोर्ट घेऊन एका खोलीत पुस्तकांमध्ये आयुष्य काढणाऱ्या माणसाचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

उलट अली यावर जंग. तेही उस्मानियात इतिहासाचे प्राध्यापक होते आणि १९४८ नंतरच्या अवघड दिवसांत कुलगुरू. ते भारताचे राजदूत झाले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. १९७६ साली त्या पदावर असतानाच त्यांचं मुंबईत निधन झालं. वांद्र्याला श्रवणदोष असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिला त्यांचं नाव आहे. रोज तिथून जाणाऱ्यांना हा माणूस कोण हे क्वचितच ठाऊक असतं.

मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ साली. तोवर आपली कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला जे कॉलेज काढलं, आजचं मिलिंद, तेही. १२ जानेवारी १९५३ ला उस्मानियानं बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. हैदराबादनं दिलेला हा मान डोळ्यांसमोर ठेवला की पुढचं जास्तच टोचतं. त्यांचं नाव मराठवाडा विद्यापीठाला देण्यासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं लागली आणि त्यात गरिबांची घरं जळली.

शंकरराव चव्हाण उस्मानियातून वकील झाले, शिवराज पाटील तिथले विज्ञानाचे पदवीधर. दोघेही देशाचे गृहमंत्री झाले. अलीकडच्या काळातले अडोबी कंपनीचे प्रमुख शंतनू नारायण तिथलेच इंजिनिअर. ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांच्यावर थांबत नाही.

थांबायचं आहे ते नापास विद्यार्थ्यापाशी. नांदापूरकर मास्तरांचा भाचा त्यांच्याकडे राहून सिटी कॉलेजात शिकत होता. त्याच कॉलेजात, जिथे काही वर्षांपूर्वी मखदूम शिकवत. मामाच्या घरातली पुस्तकं त्यानं फस्त केली, मित्रांशी रात्र रात्र वाद घातले आणि इंटरच्या परीक्षेत तो पुन्हा पुन्हा नापास झाला. नाव नरहर कुरुंदकर. पुढे त्यांनी मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. केलं, नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. हैदराबादच्या मुक्तिलढ्यावर, इस्लामच्या इतिहासावर, मुसलमानांच्या प्रश्नावर त्यांनी जितकं नेटानं आणि वाचून लिहिलं, तितकं त्यांच्या काळी मराठीत फार थोड्यांनी लिहिलं. त्यांची काही मतं मला बोचतात. त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत मी बराच वाढलो. ते भांडण शक्य झालं, कारण त्यांना समोरच्या समाजाचा इतिहास माहीत होता. तो त्यांना कळला हैदराबादच्या हवेत, उर्दू कानांवर पडत असताना. परीक्षकांनी दिलेले गुण त्या खात्यात कधीच जमा झाले नाहीत.

आणि निजाम कॉलेज उस्मानियात सामील झाल्यावर तिथून अर्थशास्त्रात एम.ए. झालेला आणखी एक मुलगा. त्यानं हैदराबादमध्ये फिल्म सोसायटी काढली, मुंबईला जाऊन जाहिरातींत नोकरी केली आणि बारा-पंधरा वर्षं उराशी बाळगलेली एक कथा घेऊन १९७४ साली पहिला चित्रपट केला. चित्रपट 'अंकुर', दिग्दर्शक श्याम बेनेगल. तेलंगणातलं खेडं, जमीनदाराचा मुलगा, मोलकरीण लक्ष्मी. हिंदी पडद्यावर तोवर दखनी फक्त विनोदी नोकराच्या तोंडी असायची. इथे शबाना आझमींची लक्ष्मी दखनीत रडते, भांडते आणि शेवटी त्याच बोलीत मालकाला शिव्याशाप देते. आमच्या आईनं हा चित्रपट टीव्हीवर पाहिला तेव्हा ती मधेच म्हणाली, "ये तो अपनेच जैसा बोलतंय!"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)